अंगठ्याची खाच

ऑर्लिन स्कोग्लंडने काउंटरवर हिरवं फेल्ट अंथरलं
आणि दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली,
रिकामी, तोंडं भिंतीकडे.
बाहेर उणे बावीस. धान्याच्या कोठारामागे
मालगाडी तासभर तशीच उभी.

नवं फोमच्या कुशीतून नुकतं निघालेलं,
अंगावर कारखान्याचं तेल,
सोबत दोन मॅगझिन, एक कुलूप, नऊ भाषांतलं पुस्तक
आणि आजन्म हमी.
“कुणाच्या आजन्म?” मी विचारलं.
माझी एकसष्ट वर्षं, मनगटात पट्टी आणि सहा स्क्रू.
ऑर्लिन म्हणाला, “पिस्तुलाच्या.”

जुनं मर्ल ट्वेटचं.
त्याला पेटी नव्हती, लोकरी मोज्यात आलं होतं.
लुइस्टनच्या कुणा कारागिराने,
आधी घड्याळं दुरुस्त करायचा म्हणे,
चाप असा घासलाय
की तळ्याकाठचा पहिला बर्फ बुटाखाली मोडावा
तसा सुटतो. आधी काहीच नाही,
मग होऊन गेलेलं असतं.
काय काय कानशीने काढलं, त्याचा कागद नाही.
काढलेलं पोलाद परत भरता येत नाही,
हे मला आतून टोकरत होतं.

नवं घ्यावं तर सगळं आपणच ठरवायचं,
चाप किती हलका, पुढची माशी किती रुंद,
आणि चुकलं तर तेही आपलंच.
जुनं घ्यावं तर दुसऱ्याच्या हट्टांचे हप्ते आपण फेडायचे.
नवा बूट चावतो.
जुन्यात दुसऱ्याची टाच असते.

मूठ अक्रोडाची. डाव्या अंगाला अंगठ्यासाठी खाच,
पण ती मध्येच थांबते.
मर्लचा अर्धा अंगठा त्र्याऐंशी साली बेलरमध्ये गेला.
एकोणीस हिवाळे, दर गुरुवारी, ग्रेंज हॉलच्या तळघरात
मी चौथ्या लेनवर, तो पाचव्या.
बोलणं एवढंच:
“वारा आहे आज.”
“आहे.”
तळघरात कुठला वारा, पण तेवढं म्हणायचो.
आता त्याचे हात थरथरतात.
मुलगी आणून देऊन गेली.

मी उचललं. अंगठा खाचेत बसला
आणि उरलेला बाहेर राहिला,
पाहुण्याचे पाय खाटेबाहेर यावेत तसा.
पण माशी थांबली.
दोन वर्षांत पहिल्यांदा थांबली,
आणि मनगटाने कुरकुर केली नाही.

“खाच वाढवून देतो, आर्डिस. पाच मिनिटांत तुझी.”
कानस त्याच्या हातात होतीच.
मी म्हटलं, “मुठीला स्क्रू किती?”
“चार.”
“काढ.”

साडेनऊशे डॉलर. वर बावीस डॉलरची रबरी मूठ,
काळी, सगळ्यांसाठी बनवलेली,
म्हणून कुणाचीच नाही.

अक्रोडाच्या दोन फळ्या कोटाच्या खिशात घालून
ग्लेंडाइव्हच्या वृद्धाश्रमात गेले.
मर्ल खिडकीशी, पुढ्यात अर्धवट खाल्लेलं कस्टर्ड.
त्याने डावी फळी उचलली, न बघता.
अंगठा घरी गेला.
हात थरथरतच होता, थांबला वगैरे काही नाही.
“किती घेतले ऑर्लिनने?”
“साडेनऊशे.”
“लुटलं तुला.”
मग बऱ्याच वेळाने,
“वारा आहे?”
“आहे.”

गुरुवारी पहिल्या दहांतल्या सात गोळ्या
खाली, डावीकडे.
पाचव्या लेनवर आता एक पोरगा असतो,
त्याचं नवंकोरं, फोमचा वास अजून गेलेला नाही.
माझ्या हाताकडे बघून म्हणाला,
“कुणाचं होतं हे?”
मी मॅगझिन भरत होते. पाचवी गोळी बसेपर्यंत
काही बोलले नाही.
मग म्हटलं,
अजून ठरायचंय.